दिवा कोणासाठी?

(वाहनांच्या दिव्यांवर काळी किंवा रंगीत फिल्म चिकटवण्याची हौस आज शहरांत आणि गावांत सगळीकडे दिसते. ही फिल्म प्रकाशाचे काय करते, रस्त्यावरील इतर माणसांवर तिचा काय परिणाम होतो आणि वाहनाच्या दिव्याचे खरे काम कोणते, हे या पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.)

मोटारीला किती दिवे असतात, हे तुम्ही कधी मोजले आहे का? पुढे दोन मोठे दिवे असतात, हे सर्वांना माहीत असते. पण उभ्या मोटारीभोवती एक फेरी मारून नीट पाहा. पुढे दोन हेडलाइट आहेत. मागे दोन लाल दिवे आहेत. ब्रेक दाबला की मागे अधिक तेजाने पेटणारे ब्रेकलाइट आहेत. चारही कोपऱ्यांना वळण्याची खूण करणारे नारिंगी इंडिकेटर आहेत. मागे जाताना लागणारा पांढरा दिवा आहे. नंबर प्लेटवर उजेड पाडणारा एक लहानसा दिवा आहे. शिवाय मागच्या बाजूला लाल रंगाचा रिफ्लेक्टर असतो. त्यात बल्ब नसतो आणि वायरही नसते. दुसऱ्याचा प्रकाश पडला की तो चमकतो.

आता सांगा, यांपैकी कोणता दिवा चालकाला स्वतःला रस्ता दाखवतो? पुढे जाताना हेडलाइट आणि मागे जाताना तो लहान पांढरा दिवा. बाकीचे सगळे दिवे दुसऱ्यांसाठी आहेत. मागून येणाऱ्याला ते सांगतात, ‘मी इथे आहे. मी थांबतो आहे. मी आता डावीकडे वळणार आहे.’

‘इशारा’ हा शब्द उर्दूत आहे, तसाच तो मराठीतही आहे. मराठीत त्याचा एक अर्थ खूण असा होतो आणि दुसरा अर्थ सावध करणे असा होतो. वाहनाचे मागचे दिवे दोन्ही अर्थांनी इशारे आहेत. रस्त्यावर माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. म्हणून ती दिव्यांच्या भाषेत बोलतात. ही भाषा जालन्यात जी आहे, तीच मुंबईत आणि तीच सौदी अरेबियात आहे. मागचा लाल दिवा जगात सगळीकडे एकच गोष्ट सांगतो.

आपल्या जालना जिल्ह्यात या भाषेला विशेष महत्त्व आहे. ‘जालना, सोने का पालना’ असे जुने लोक म्हणत. व्यापारामुळे हे शहर भरभराटीला आले. आजही येथे लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत आणि मोसंबीचा मोठा व्यापार आहे. हा सगळा माल रस्त्याने जातो. एक रस्ता बदनापूरवरून छत्रपती संभाजीनगरला जातो, एक अंबडवरून बीडकडे जातो, एक देऊळगाव राजाकडे, तर एक मंठ्याकडे. समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या रस्त्यांवर रात्रभर वाहने धावत असतात. सळ्या भरलेला ट्रक, एसटी, मोटारसायकल, सायकल आणि उसाची ट्रॉली हे सर्व पुष्कळदा एकाच रस्त्याने जातात. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. अशा वेळी पुढे कोण आहे, हे दुरून कळणे फार आवश्यक असते.

अशा रस्त्यावर अलीकडे काही वाहनांचे दिवे वेगळेच दिसतात. मागचे लाल दिवे काळपट दिसतात. हेडलाइट पिवळे किंवा निळे केलेले असतात. काही मोटारसायकलींचे इंडिकेटर तर इतके काळे असतात, की ते लागले आहेत की नाहीत हे कळतच नाही. हे दिवे कारखान्यातून असे आलेले नसतात. त्यांच्यावर नंतर फिल्म चिकटवलेली असते.

ही फिल्म म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ, चिकट कागद. ज्या दुकानात नंबर प्लेट रंगवून मिळते आणि गाडीवर नाव टाकून मिळते, त्या दुकानात ही फिल्म लावून देतात. आधी दिवा स्वच्छ धुतात. त्यावर साबणाचे पाणी फवारतात, म्हणजे फिल्म सरकवून नीट बसवता येते. मग गरम हवेने ती मऊ करतात आणि दिव्याच्या वळणावर ताणून बसवतात. रबरी पट्टीने दाबून खालचे पाणी व हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. शेवटी कडा ब्लेडने कापतात. कारागिराचा हात चांगला असेल, तर फिल्म लावली आहे हे लवकर ओळखूही येत नाही.

लोक हे का करतात? आपली गाडी चारचौघांत उठून दिसावी, असे त्यांना वाटते. ही इच्छा काही वाईट नाही. ट्रकचालक आपला ट्रक सजवतात. पोळ्याला शेतकरी बैलांची शिंगे रंगवतात. सजावटीची आवड माणसाला आहेच. पण शिंगे रंगवल्याने बैलाला कमी दिसत नाही. दिवा रंगवल्याने मात्र दिव्याचे काम बिघडते. ते कसे, हे समजण्यासाठी आपल्याला प्रकाशाकडे वळावे लागेल.

वस्तू आपल्याला का दिसते? फार पूर्वी काही विद्वानांचे मत असे होते, की डोळ्यांतून किरण निघतात आणि ते वस्तूवर पडतात, म्हणून वस्तू दिसते. बसरा शहरात जन्मलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने हे मत खोडून काढले. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्याने ‘किताब अल-मनाज़िर’ हा ग्रंथ लिहिला. वस्तूपासून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, तेव्हाच ती आपल्याला दिसते, असे त्याने मांडले. म्हणजे नजर कितीही तीक्ष्ण असली, तरी प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचलाच नाही, तर काहीही दिसणार नाही. रात्रीच्या रस्त्यावर ही गोष्ट अगदी अक्षरशः खरी ठरते.

फिल्म या प्रकाशाचे काय करते? अनेकांना वाटते, की रंगीत फिल्म प्रकाशाला रंग देते. खरे तर ती काहीच देत नाही, ती फक्त काढून घेते. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात. पिवळी फिल्म त्यातील निळा भाग शोषून घेते. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. निळी फिल्म तांबडा व पिवळा भाग शोषून घेते आणि निळा भाग पुढे जाऊ देते. काळी फिल्म सर्वच रंग थोडे थोडे शोषून घेते. फिल्म कोणत्याही रंगाची असली, तरी तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाश आत असलेल्या प्रकाशापेक्षा कमीच असतो.

हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता. भेटवस्तूंवर गुंडाळतात तो रंगीत जिलेटिनचा कागद घ्या. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पाडा. आता बॅटरीपुढे लाल कागद धरा. भिंतीवर लाल उजेड दिसेल. त्या लाल कागदावर निळा कागद ठेवा. भिंतीवर आता जांभळा उजेड पडेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे होणार नाही. उजेड जवळजवळ नाहीसा होईल. लाल कागदाने निळा प्रकाश अडवला आणि जो लाल प्रकाश सुटला, तो निळ्या कागदाने अडवला. मग उरले काय? मागच्या लाल दिव्यावर निळी फिल्म लावणारा माणूस नकळत हेच करत असतो.

आता थोडा हिशोब करू या. आपल्या देशातील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांत असे सांगितले आहे, की रात्री वाहनाच्या मागे लाल दिवा असला पाहिजे आणि तो १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. १५५ मीटर म्हणजे किती? क्रिकेटची खेळपट्टी सुमारे २० मीटर लांब असते. अशा जवळजवळ पावणेआठ खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या, तर तेवढे अंतर होईल.

समजा, एखाद्या गाडीचा मागचा दिवा बरोबर १५५ मीटरवरून दिसतो. तिच्या मालकाने त्यावर एक चतुर्थांशच प्रकाश बाहेर सोडणारी काळी फिल्म लावली. दिव्यापासून दूर जावे, तसा प्रकाश झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट झाले, की डोळ्यांत येणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. याचा उलट अर्थ असा, की दिव्याचा प्रकाश एक चतुर्थांश झाला, तर तेवढाच उजेड डोळ्यांत येण्यासाठी निम्म्या अंतरापर्यंत जवळ यावे लागते. म्हणजे जो दिवा १५५ मीटरवरून दिसत होता, तो आता सुमारे ७७ मीटरवर आल्यावर दिसेल.

मागून एक ट्रक ताशी ८० किलोमीटर वेगाने येत आहे. या वेगाने तो एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जातो. पुढे गाडी थांबली आहे, हे चालकाला दिसते. ते समजून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात ट्रक ३३ मीटर पुढे आलेला असतो. ब्रेक लागल्यावरही वाहन जागच्या जागी थांबत नाही. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक व टायर चांगले असताना, त्याला आणखी सुमारे ४० मीटर लागतात. दोन्ही मिळून ७३ मीटर झाले. दिवा १५५ मीटरवरून दिसला असता, तर ट्रक आरामात थांबला असता. ७७ मीटरवरून दिसला, तर मध्ये केवळ चार मीटर उरतात. रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील किंवा ट्रकमध्ये सळ्यांचा जड भार असेल, तर हे चार मीटरही उरत नाहीत. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाने जाता येते. तेथे एका सेकंदात मोटार ३३ मीटर जाते. मग तेथे काय होईल, याचा हिशोब तुम्हीच करा.

हे झाले पेटलेल्या दिव्याचे. पण गाडी रस्त्यात बंद पडली आणि बॅटरीही संपली तर? तेव्हा एकच गोष्ट उपयोगी पडते. ती म्हणजे रिफ्लेक्टर. मागून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश त्यावर पडतो आणि तो तसाच त्या वाहनाकडे परत जातो. त्यामुळे अंधारातही गाडी दिसते. पुष्कळ गाड्यांत हा रिफ्लेक्टर मागच्या दिव्यातच बसवलेला असतो. दिव्यावर फिल्म लावली, की रिफ्लेक्टरही तिच्याखाली झाकला जातो.

येथे एक विशेष गोष्ट लक्षात घ्या. दिव्याचा प्रकाश फिल्ममधून एकदाच बाहेर येतो. रिफ्लेक्टरचे तसे नाही. बाहेरचा प्रकाश आधी फिल्ममधून आत जातो आणि मग परत फिरून त्याच फिल्ममधून बाहेर येतो. म्हणजे फिल्म त्याला दोनदा अडवते. फिल्म निम्मा प्रकाश सोडत असेल, तर आत जाताना निम्मा उरतो आणि बाहेर येताना त्याचाही निम्मा होतो. शंभरातले पंचवीस उरतात. फिल्म शंभरातले तीस सोडत असेल, तर बाहेर फक्त नऊ येतात. शंभरातले वीस सोडत असेल, तर फक्त चार येतात. दुकानात ही फिल्म फार काळी वाटत नाही. रात्री बंद पडलेल्या गाडीवर मात्र ती रिफ्लेक्टर जवळजवळ पुसून टाकते.

हाही प्रयोग सोपा आहे. सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरवर दूरून बॅटरीचा उजेड टाका. बॅटरी डोळ्यांजवळ धरा, म्हणजे परत येणारा प्रकाश नीट दिसेल. मग रिफ्लेक्टरवर काळपट प्लॅस्टिकचा तुकडा लावा आणि पुन्हा पाहा. फरक तुमच्या लगेच लक्षात येईल.

जालना जिल्ह्याला रिफ्लेक्टरचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणीही या भागाला मिळते. त्यामुळे अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांत ऊस होतो. हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस कारखान्याकडे जाऊ लागतात. ट्रॅक्टरला हेडलाइट असतात, पण मागच्या ट्रॉलीला पुष्कळदा दिवाच नसतो. उसाचे वाढे बाहेर लोंबत असतात. अंधारात ही ट्रॉली एखाद्या काळ्या भिंतीसारखी असते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखान्यांवर ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात. लाल रंगाची एक चमकणारी पट्टी लावायला फारसा खर्च येत नाही, पण तिने मागून येणाऱ्याचा जीव वाचतो.

या चमकणाऱ्या पट्टीला आपल्याकडे सगळे ‘रेडियम’ म्हणतात. ती विकणारे दुकान म्हणजे ‘रेडियमचे दुकान’. पण गंमत अशी, की या पट्टीत रेडियम मुळीच नसते. रेडियम हे एक मूलद्रव्य आहे. मेरी क्युरी व पिएर क्युरी यांनी १८९८ साली त्याचा शोध लावला. पुढे घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम मिसळलेला रंग वापरत असत. ते आरोग्याला घातक असल्याने नंतर हा वापर बंद झाला. अंधारात चमकते ते रेडियम, असे लोकांच्या मनात बसले आणि नाव मात्र मागे राहिले. आजच्या पट्टीत काचेचे अतिशय बारीक मणी किंवा सूक्ष्म कोन असतात. ते आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात.

म्हणजे पाहा, एकाच दुकानात दोन प्रकारचे कागद मिळतात. एक कागद आलेला प्रकाश परत देतो, दुसरा असलेला प्रकाश गिळून टाकतो. दोन्ही चिकटवायला सारखेच सोपे आहेत. कोणता कागद घ्यायचा, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे असते.

आता हेडलाइटकडे वळू. ‘पिवळी फिल्म लावली, की धुक्यातून दूरचे दिसते,’ असे काही जण म्हणतात. हे खरे आहे का? धूर किंवा अतिसूक्ष्म धूळ यांच्यातून जाताना निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि तांबडा कमी विखुरतो, हे खरे आहे. सूर्य मावळताना लाल दिसतो, तो यामुळेच. पण धुक्याचे थेंब या सूक्ष्म कणांपेक्षा पुष्कळ मोठे असतात. ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. त्यामुळे नुसता रंग बदलून धुक्यात फारसा फायदा होत नाही. धुक्यासाठी बनवलेला दिवा उपयोगी पडतो, तो मुख्यतः खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद व सपाट असतो म्हणून. फ्रान्स देशात १९३७ पासून नव्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पुढे १९९३ साली तेथेही ही सक्ती संपली आणि युरोपातील इतर देशांप्रमाणे पांढरे दिवे आले.

हेडलाइटवरील फिल्मचा आणखी एक दोष आहे. हेडलाइटचा आरसा आणि भिंग विचारपूर्वक बनवलेले असतात. प्रकाश रस्त्यावर पडावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये, अशी त्यांची रचना असते. जुन्या पद्धतीचे बल्ब फार तापतात. त्या उष्णतेने आणि मराठवाड्यातील कडक उन्हाने फिल्म सुरकुतते, तिच्याखाली बुडबुडे येतात. मग झोत सरळ न जाता चारही दिशांना विखुरतो. चालकाच्या पुढचा रस्ता अंधुक होतो आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. नुकसान दोघांचेही होते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, ‘आमच्या आजोबांच्या काळी हेडलाइटवर काळा रंग लावत असत. मग ते चूक होते का?’ ही गोष्ट खरी आहे. पूर्वी ट्रक व स्कूटरच्या हेडलाइटवर मधोमध काळा ठिपका किंवा वरच्या भागात काळा पट्टा असे. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येऊ नये, म्हणून तो लावलेला असे. म्हणजे तो रंगही दुसऱ्याच्या सोयीसाठी होता, शोभेसाठी नव्हता. आजच्या दिव्यांत झोत खाली वळवण्याची सोय चांगली असते. समोरून वाहन आले, की डिपर दिला, म्हणजे काम होते.

दिवे पूर्ण झाकण्याची वेळ आपल्या देशावर युद्धाच्या काळात आली होती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईसारख्या शहरांत रात्री ‘ब्लॅकआउट’ असे. शत्रूच्या विमानाला शहर दिसू नये, म्हणून घराच्या खिडक्यांना काळे कागद लावत आणि मोटारींचे दिवे काळ्या रंगाने झाकत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्येही असेच केले होते. त्याचा परिणाम काय झाला? १९३८ साली ब्रिटनमध्ये रस्त्यावरील अपघातांत सुमारे ६,६०० माणसे मेली होती. १९४१ साली हा आकडा ९,००० च्या वर गेला. पेट्रोल मोजून मिळत होते, रस्त्यावर मोटारी कमी होत्या, तरी मृत्यू वाढले. अंधार हे त्याचे एक मोठे कारण होते. दिवा झाकणे म्हणजे लपणे. शत्रूपासून लपण्यासाठी लोकांनी ते सोसले. पण आपल्या मागून येणारा माणूस आपला शत्रू नाही. त्याच्यापासून आपण का लपावे?

कायदाही हेच सांगतो. वाहनाच्या पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही. मागच्या बाजूला वाहन असल्याची खूण लाल दिव्यानेच द्यायची. काचांबद्दलही नियम आहेत. मोटारीच्या पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई करणारा निकाल दिला. तेव्हा गावोगावी पोलिसांनी गाड्यांच्या काचांवरील काळे कागद काढायला लावले. काचेतून किती प्रकाश जावा याची जर एवढी काळजी घेतली जाते, तर ज्याचे कामच प्रकाश देणे आहे, त्या दिव्याची काळजी किती घ्यावी लागेल?

आता तुम्ही म्हणाल, ‘आमच्याकडे मोटार नाही. आम्ही फिल्मही लावत नाही. मग हा पाठ आमच्यासाठी कशाला?’ पण फिल्म फक्त दुकानातच मिळते असे नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल दिव्यांवर उडतो आणि वाळून बसतो. उन्हाळ्यात धुळीचा थर जमतो. ऊन लागून हेडलाइटचे प्लॅस्टिक पिवळे व धुरकट होते. या सर्व फुकट मिळालेल्या फिल्मच आहेत. त्याही प्रकाश अडवतात. वडिलांची किंवा भाईजानची मोटारसायकल रात्री बाहेर निघणार असेल, तर ओल्या फडक्याने तिचे पुढचे व मागचे दिवे पुसा. रिफ्लेक्टर पुसायला विसरू नका. सायकलला मागे रिफ्लेक्टर नसेल, तर लाल चमकपट्टी लावा. रात्री रस्त्याने पायी जायचे असेल, तर फिकट रंगाचे कपडे घाला. एवढे करायला परवाना लागत नाही आणि वयाची अटही नाही.

वीज गावोगावी पोहोचण्यापूर्वी घराघरांत कंदील असत. रात्री निघालेल्या बैलगाडीखालीही कंदील टांगलेला असे. त्याच्या काचेवर रोज काजळी धरे. दिवस मावळायच्या आत ती काच पुसून लख्ख करणे, हे घरातील मुलांचे ठरलेले काम होते. काचेवर काजळी राहिली, तर मोठी माणसे रागावत. कंदिलाची काच काळी असावी, असे कोणालाही वाटले नाही. बैलगाडी गेली आणि मोटार आली. कंदील गेला आणि विजेचा दिवा आला. पण काच स्वच्छ ठेवण्याचे काम संपलेले नाही.

गाडी चालवणाऱ्याला आपल्या गाडीचा मागचा दिवा कधीच दिसत नाही. तो पेटला आहे की विझला आहे, स्वच्छ आहे की काळा झाला आहे, हे मागच्या अनोळखी माणसालाच दिसते. तो दिवा आपल्या गाडीवर असला, तरी त्याच्यावर हक्क मागून येणाऱ्याचा आहे.

शब्दार्थ

हौस – आवड, शौक
शोषून घेणे – आत ओढून घेणे
विखुरणे – इकडेतिकडे पसरणे
झोत – एका दिशेने जाणारा जोराचा प्रकाश
डोळे दिपणे – जास्त उजेडामुळे काही न दिसणे
खोडून काढणे – चूक आहे असे दाखवून देणे
वाढे – उसाच्या शेंड्याकडील हिरवी पाने
काजळी – दिव्याच्या धुराने काचेवर बसणारा काळा थर
लख्ख – अगदी स्वच्छ, चमकणारे
सक्ती – करावेच लागेल असा नियम

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाहनाचा मागचा दिवा किती अंतरावरून दिसला पाहिजे?
(आ) ‘किताब अल-मनाज़िर’ हा ग्रंथ कोणी लिहिला?
(इ) चमकणाऱ्या पट्टीला लोक काय म्हणतात?
(ई) जालना जिल्ह्यात ऊस कोणत्या तालुक्यांत होतो?

२. कारणे लिहा.
(अ) लाल दिव्यावर निळी फिल्म लावली, तर दिवा जवळजवळ दिसेनासा होतो.
(आ) फिल्म दिव्यापेक्षा रिफ्लेक्टरचे जास्त नुकसान करते.
(इ) पिवळ्या फिल्मचा धुक्यात फारसा उपयोग होत नाही.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) युद्धाच्या काळात दिवे का झाकत असत? त्याचा रस्त्यांवर काय परिणाम झाला?
(आ) ‘मागच्या दिव्यावर हक्क मागून येणाऱ्याचा आहे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. हिशोब करा.
फिल्म शंभरातला चाळीस भाग प्रकाश सोडते. तिच्याखालच्या रिफ्लेक्टरवरून शंभरातला किती भाग प्रकाश परत येईल?

५. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
इशारा, नजर, हक्क, हिशोब, कागद

६. उपक्रम
तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका उभ्या वाहनाचे सर्व दिवे व रिफ्लेक्टर मोजा. कोणता दिवा कोणासाठी आहे, याचा तक्ता तयार करा.